कवळीमास्तरांचा स्वतःचा पत्ता

कवळीमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही शाळेत शिकवलं नव्हतं. ते दातांच्या कवळ्या करायचे. पण कोणी जाता जाता नुसतं ‘कसं काय’ विचारलं, तरी त्याला अर्धा तास उभा करून दोन गोष्टी शिकवल्याशिवाय सोडायचे नाहीत. म्हणून गल्लीने त्यांना मास्तर ही पदवी देऊन टाकली आणि त्यांनीही ती बिनपगारी स्वीकारली.

घराच्या मागच्या खोलीत त्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे खिडकीखाली एक लांब टेबल, त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायची वाटी, हातभर उंचीची भट्टी आणि सगळ्यावर पिठासारखी पांढरी धूळ. खिडकीजवळची उजेडाची जागा मास्तरीणबाईंची. दाताला रंग लावणं त्यांच्याकडे. साठीच्या माणसाला पंचविशीचे दात लावले की तो हसताना उसनं हसू आणल्यासारखा दिसतो, हे त्यांना बरोबर कळायचं. त्या कुठे पिवळसर झाक द्यायच्या, कुठे चहाची पुसट रेघ, आणि मग ती कवळी त्या माणसाच्या तोंडात जन्मापासून असल्यासारखी बसायची. मास्तर त्या कवळ्या घासून चकचकीत करायचे आणि बाहेरचा व्यवहार बघायचे. बाहेरचा व्यवहार म्हणजे बोलणं. बायकोचं काम आणि नवऱ्याचं भाषण अशी वाटणी बऱ्याच घरांत असते, इथे ती जरा जास्तच काटेकोर होती.

आता हा माणूस मेल सर्व्हरच्या नादी कसा लागला, ते सांगायला हवं.

शहरातले दातांचे डॉक्टर जबड्यांचे ठसे पिशवीत घालून पाठवायचे आणि रंग, वय, फोटो वगैरे तपशील मेलवर. एकदा असाच एक मेल मास्तरांच्या फुकटच्या मेलखात्याने परस्पर केराच्या फोल्डरमध्ये टाकला. लॉटरीच्या आणि केस उगवायच्या जाहिरातींमध्ये तो बिचारा आठ दिवस पडून राहिला. कवळी वेळेवर झाली नाही, आणि ज्यांच्यासाठी ती होती त्या मुख्याध्यापिका स्वतःच्या निरोप समारंभात दोन तास तोंडावर रुमाल धरून बसल्या. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या.

मास्तरांनी रोज फोल्डर तपासला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण चूक स्वतःची निघण्याची शक्यता दिसली की मास्तर ताबडतोब तत्त्वाकडे वळायचे.

“आपली पत्रं दुसऱ्याच्या घरात का म्हणून उतरावीत?” ते म्हणाले. “आपला सर्व्हर पाहिजे. आपलं नाव, आपला पत्ता.”

“तो ठेवणार कुठे?” मास्तरीणबाईंनी ब्रश पाण्यात बुडवत विचारलं.

“इथेच. भट्टीच्या शेजारी.”

“इथे प्लास्टर उडतं. महिन्याभरात तुमच्या सर्व्हरचा जबडा होईल.”

हे पटण्यासारखं होतं, म्हणून मास्तरांनी ते स्वतःलाच सुचल्यासारखं मान्य केलं आणि एका कंपनीकडून सर्व्हर भाड्याने घेतला. कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे दाढीला बसल्यावर त्यांनी ही बातमी फोडली.

“मशीन आहे कुठे पण?” न्हाव्याने विचारलं.

“ते तसं कुठे नसतं. एका मोठ्या मशीनच्या पोटात अशी शंभर मशीनं असतात, नुसती असल्यासारखी. त्यातलं एक आपलं.”

“म्हणजे नाहीच.”

“आहे. पण आभासी.”

न्हाव्याने वस्तरा पुसला. “भाडंही आभासी दिलं तर चालतं का त्यांना?”

गालाला साबण असल्यामुळे मास्तरांना उत्तर देता आलं नाही. गल्लीत अशी संधी वर्षातून एखादवेळीच मिळते.

अकरा दिवस मास्तर त्या सर्व्हरवर राबले. पुस्तकी सूचना वाचत, जेवताना पुटपुटत. प्रत्येक मशीनला हजारो दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात, आणि टपाल येतं ते पंचवीस नंबरच्या दाराने, एवढं त्यांना पक्कं कळलं. त्यांनी मशीनच्या आतल्या भिंतीत ते पंचवीस नंबरचं दार उघडलं. मग स्वतःच्या नव्या पत्त्यावरून स्वतःच्याच नव्या पत्त्यावर मेल पाठवला: ‘चाचणी क्रमांक एक. पोहोचला का?’ डोळ्याचं पातं लवायच्या आत तो पोहोचला. मास्तरांनी रीतसर उत्तर दिलं: ‘पोहोचला. आभारी आहे.’ तेही पोहोचलं. त्या आठवड्यात मास्तरांचा मास्तरांशी फार चांगला पत्रव्यवहार झाला. सतरा मेल गेले, सतरा आले, आणि एकाही बाबतीत मतभेद झाला नाही.

मग त्यांनी नव्या पत्त्याची कार्डं छापली, सगळ्या डॉक्टरांना वाटली आणि जुनं फुकटचं खातं बंद करून टाकलं.

तीन आठवडे गेले. एक जाहिरात नाही, एक लॉटरी नाही. मास्तर जेवणाच्या टेबलावर फोन ठेवून रिकामा पडदा सगळ्यांना दाखवायचे.

“बघ. एक तरी फालतू मेल दिसतोय? याला म्हणतात बंदोबस्त.”

“कामाचा तरी कुठे दिसतोय?” मास्तरीणबाई म्हणायच्या.

“मंदी आहे.”

मंदी होती खरी, पण ती फक्त त्यांच्याच घरात शिरली होती. टेबलावरचे जबडे कमी होत चालले होते. एका डॉक्टरच्या कंपाउंडरला मास्तर रस्त्यात भेटले, तर तो दोन पावलं मागे सरकला आणि “तुम्ही बरे आहात ना?” असं जरा जास्तच काळजीने विचारून गेला. मास्तरांना वाटलं, हल्लीच्या काळातही माणुसकी शिल्लक आहे.

याच सुमारास मोठ्या दवाखान्याचं प्रकरण निघालं. आठ खुर्च्यांचा दवाखाना, अवघड तोंडं सगळी तिकडे जायची. तिथल्या मोठ्या डॉक्टर वर्षभराचं सगळं कवळीकाम एकाच कारखान्याला देणार होत्या. तिघांना बोलावणं होतं. तिघांनाही शुक्रवारी तीन रुग्णांचे फोटो आणि माहिती मेलने जाणार, आणि प्रत्येकाचं काय करणार, कसं करणार, हे बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं. पाचनंतर आलेलं उत्तर बघणार नाही, असं मोठ्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

हे काम मास्तरांना हवं होतं ते मिरवायला. मास्तरीणबाईंना ते हवं होतं, कारण नाही मिळालं तर मागची खोली बंद करावी लागणार हे त्यांना जबड्यांच्या संख्येवरून दिसत होतं. मग शहराबाहेरच्या कारखान्यात जायचं. तिथे दात खोक्यातून येतात, तीनच रंगांत, आणि दिवसभर ते नुसते चिकटवायचे. तिथे जाऊन आलेली एक ओळखीची बाई त्यांना म्हणाली होती, “तुझ्या डोळ्यांचं तिथे काही काम नाही गं.” हे वाक्य मास्तरीणबाईंच्या मनातून जात नव्हतं.

दवाखान्याचा फॉर्म मास्तरांनी स्वतः भरला. पत्त्याच्या रकान्यात नवा पत्ता घातला आणि खाली लिहिलं, ‘याच पत्त्यावर पाठवावे. अन्य कोठेही पाठवू नये.’ शेवटच्या चार शब्दांखाली दोन रेघा मारल्या. पट्टी लावून.

शुक्रवार गेला. मेल आला नाही.

“डॉक्टर लोकांना वेळ पाळायची सवय नसते,” मास्तर म्हणाले.

शनिवार गेला. रविवारी मास्तरीणबाईंनी फोन उचलला, तर मास्तरांनी तो हातातून काढून घेतला.

“फोन करायचा नाही. आपणच फोन केला, तर आपल्या मेलवर आपलाच विश्वास नाही असं होतं.”

“माझा नाहीच आहे.”

“म्हणूनच करायचा नाही.”

सोमवारी मास्तरीणबाईंनी ब्रश तीनदा धुतले, एकदाही न वापरता.

मंगळवारी सकाळी वरच्या मजल्यावरच्या ताई खाली आल्या. ताई म्हणजे मास्तरांची थोरली बहीण. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं कानाला हेडफोन लावून लोकांच्या लाइनी जोडून देऊन निवृत्त झालेल्या. त्यांना घरातली कुठलीही गोष्ट दोनदा सांगावी लागत नसे, कारण पहिल्या वेळी त्या जिन्यातूनच ऐकत असत.

“काय रे, तुझी लाइन लागते का?” त्यांनी खुर्ची ओढत विचारलं.

“ताई, लाइन नाही, सर्व्हर. आणि उत्तम चालतोय. सतरा चाचण्या घेतल्यात.”

“कोणी घेतल्या?”

“मी.”

“कुठून?”

“सर्व्हरवरूनच.”

“आणि मेल पाठवला कोणाला?”

“मला.”

ताईंनी भावजयीकडे बघितलं. भावजयीने खिडकीकडे बघितलं.

“आमच्याकडे एक नवा पोरगा लागला होता,” ताई म्हणाल्या. “लाइन चालू आहे का बघ म्हटलं, तर एक्स्चेंजच्या या टेबलावरून त्या टेबलावर फोन लावायचा. घंटी वाजायची. साहेबाला सांगायचा, सगळं झकास आहे. बाहेर खांबावरची तार तुटून रस्त्यात पडलेली. बाहेरून कोणी पाठवून बघितलंय का?”

मास्तर गप्प झाले. ही घटना दुर्मीळ होती, म्हणून तिचा पुरेपूर उपयोग करून ताईंनी स्वतःच्या फोनवरून भावाच्या नव्या पत्त्यावर एक ओळ टाकली. तिघंही मास्तरांच्या फोनकडे बघत बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. पडदा तसाच रिकामा, जाहिरात नाही, लॉटरी नाही, ताई नाही.

“तुझा फोन जुना आहे,” मास्तर म्हणाले.

“वन्सं, दवाखान्याला लावा,” मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि या वेळी फोन काढून घ्यायला कोणी पुढे आलं नाही.

दवाखान्याच्या कारकुनाने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “मेल शुक्रवारीच गेला, दुपारी बारा वाजता. पण आमचं मशीन रोज सांगतंय, पोहोचलेला नाही, प्रयत्न चालू आहेत. मला वाटलं, प्रयत्न तुमच्याकडून चालू आहेत.”

“दुसऱ्या पत्त्यावर पाठवता का? माझ्या?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“पाठवला असता हो. पण रुग्णांचे फोटो आहेत. आणि तुमच्या फॉर्मवर लिहिलंय, अन्य कोठेही पाठवू नये. खाली दोन रेघा आहेत.” वर तो म्हणाला, “पत्ता बदलायचा तर तसा अर्ज करा. नोंदवलेल्या मेलवरून.”

ताईंनी तोंडावर पदर धरला. मास्तर जबड्यांची रांग सरळ करू लागले.

“किती दिवस प्रयत्न करतं तुमचं मशीन?” मास्तरीणबाईंनी विचारलं.

“पाच दिवस. मग नाद सोडतं आणि मेल परत येतो. तुमचं उत्तर मात्र कुठूनही पाठवा, चालेल.”

म्हणजे बुधवार दुपारी बारा. ताईंनी बोटांवर मोजून सांगायची गरज नव्हती, तरी त्यांनी मोजलं.

मास्तरांनी सर्व्हरच्या कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. पाऊण तास बासरी ऐकल्यावर एक बाई फोनवर आल्या. मास्तरांनी त्यांना सुरुवातीपासून, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या निरोप समारंभापासून, सांगायला सुरुवात केली.

“सर, पंचवीस नंबरचं पोर्ट उघडलंय का?” बाईंनी मध्येच विचारलं.

“महिन्यापूर्वीच. मी स्वतः.”

“ते मशीनच्या आतलं. त्याच्या बाहेर आमची एक भिंत असते, सगळ्या आभासी मशीनांभोवती. ती तुमच्या खात्याच्या पॅनेलमधून उघडायची असते. ती बंदच दिसतेय, सर.”

“मग मला आधी कोणी सांगितलं का नाही?”

“आम्ही पहिल्याच दिवशी मेल केला होता, सर. तुमच्या नव्या पत्त्यावर.”

थोडक्यात, मास्तरांनी खोलीचं दार सताड उघडं टाकून महिनाभर पाहुण्यांची वाट बघितली होती, आणि इमारतीच्या फाटकाला कुलूप होतं. खोलीतल्या खोलीत त्यांचा स्वतःशी गप्पांचा फड रंगला होता. बाहेर एकेक डॉक्टर फाटक वाजवून परत जात होता. ज्यांचे मेल परत आले, त्यांच्यापैकी निम्म्यांना मास्तरांनी धंदा बंद केला असं वाटलं, आणि उरलेल्यांना मास्तरच बंद झाले असं. कंपाउंडरच्या माणुसकीचा उलगडा असा झाला.

फाटक उघडायला चार टिचक्या पुरल्या. दुपारी दोन वाजता ताईंचा सकाळचा मेल उतरला: ‘लागली का लाइन?’ पाठोपाठ केस उगवायची जाहिरात आली. आणि साडेपाचला, दवाखान्याच्या मशीनची पुढची खेप होती तेव्हा, तिन्ही रुग्णांचे फोटो.

मास्तरीणबाईंनी फोटो मोठे करून खिडकीच्या उजेडात धरले आणि उजेड गेल्यावर थांबल्या. दिव्याखाली त्या रंग ठरवत नसत. बुधवारी सकाळपासून पुन्हा बसल्या. पहिला एक निवृत्त बसचालक, उजव्या बाजूने चावणारा. दुसरी गाणं शिकवणारी बाई, तिला ‘स’ म्हणताना हवा जायला नको. तिसऱ्याचा खालचा जबडा इतका झिजलेला की त्यावर कवळी टिकणंच कठीण. त्या सांगत गेल्या, मास्तर टाइप करत गेले. मध्ये मध्ये त्यांनी ‘आमच्या प्रदीर्घ अनुभवानुसार’ असं घातलं, आणि बाईंनी ते काढायला लावलं. तीन वाजता उत्तर तयार झालं. मास्तरांनी स्वतःच्या पत्त्यावरून, स्वतःच्या सर्व्हरवरून, थाटात पाठवलं.

एका मिनिटात परत आलं.

“काय म्हणतंय?” बाईंनी विचारलं.

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं, काढून पुसला, पुन्हा लावून वाचलं. आभासी मशीनचा इंटरनेटवरचा नंबर त्यांच्या आधी दुसऱ्या कोणीतरी भाड्याने घेतला होता. त्या महाभागाने तिथून लाखो लोकांना बनावट औषधांच्या जाहिराती पाठवल्या होत्या. तो गेला, पण नंबर सगळ्या जगाच्या काळ्या यादीत राहिला. आता त्या नंबरावरून मास्तरांनी पाठवलेलं काहीही कोणी दारात उभं करणार नव्हतं.

“यादीतून नाव काढायला अर्ज करता येतो,” मास्तर म्हणाले. “दोन दिवसांत निकाल.”

“आपल्याकडे दोन तास आहेत. माझ्या खात्यावरून पाठवा. उत्तर कुठूनही चालतं, कारकून म्हणालाय.”

“फुकटच्या खात्यावरून? वर्षभराच्या कामाचं उत्तर? काय वाटेल त्यांना?”

मास्तरीणबाई उठल्या. भांडल्या नाहीत. त्यांनी उत्तर छापून घेतलं, रंगाच्या नमुन्यांची पेटी रुमालात बांधली, आणि तिसऱ्या रुग्णासाठी सकाळी फोटोवरून मेणात उभा केलेला जबडा डब्यात कापूस घालून ठेवला.

“अहो, मी जाऊन येते.”

“अगं, पण मी अर्ज भरतोय. तू एकटी काय बोलणार तिथे?”

“दातांबद्दल बोलेन,” बाई म्हणाल्या.

बस मिळाली. साडेचारला त्या दवाखान्यात पोहोचल्या. कारकुनाने कागदावर वेळ टाकली आणि पेटी बघून त्यांना आत सोडलं. मोठ्या डॉक्टर कमी बोलणाऱ्या. त्यांनी उत्तर वाचलं, मग मेणाचा जबडा हातात घेऊन खिडकीकडे नेला.

“बाकीच्या दोघांनी लिहिलंय, या माणसाला कवळी टिकणार नाही,” त्या म्हणाल्या. “हे कोणी केलं?”

“मी.”

“आणि हे रंग?”

“मीच.”

“मग इतकी वर्षं ते जे येऊन बोलतात, ते कोण?”

“घासतात,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “घासतात मात्र छान.”

मोठ्या डॉक्टर हसल्या की नाही, हे पडदा असल्यामुळे कारकुनाला दिसलं नाही. पण आतून फॉर्म मागवला गेला, आणि त्याच्यावर संपर्क या रकान्यात मास्तरांचा पत्ता खोडून मास्तरीणबाईंचा फोन आणि मास्तरीणबाईंचं फुकटचं मेलखातं घातलं गेलं. खोडताना एकच रेघ मारली, पट्टी न लावता.

काम मिळालं. मागच्या खोलीत जबड्यांच्या दोन रांगा झाल्या, मग तीन. बाईंना मदतीला कोणीतरी ठेवायचं घाटू लागलं.

मास्तरांनी सर्व्हर सोडला नाही, आणि त्यांच्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर शेवटी तो त्यांनी नीट केला. काळ्या यादीतून नंबर सोडवला. हा नंबर कोणाचा असं कोणी विचारलं की आपलंच नाव सांगितलं जाईल अशी कंपनीकडून नोंद करून घेतली. गल्लीतल्या अकरा जणांना मेल पाठवायला आणि उत्तरं द्यायला लावली. न्हाव्याने ‘आभासी नमस्कार’ एवढंच पाठवलं. सगळं जात होतं, सगळं येत होतं. जगाच्या पाठीवरून कोणीही मास्तरांना गाठू शकत होतं. गाठायचं मात्र कोणाला फारसं उरलं नव्हतं.

म्हणून एका सकाळी, टेबलाच्या आपल्या टोकाला बसून, मास्तरांनी दवाखान्याला अधिकृत विनंती पाठवली. तांत्रिक अडचण दूर झाली असून यापुढे सर्व पत्रव्यवहार मूळ पत्त्यावर करावा, असं लिहिलं. दहाच मिनिटांत उत्तर आलं. त्यांच्या स्वतःच्या सर्व्हरवर, थेट, कुठेही न अडखळता. मास्तरांनी ते मोठ्याने वाचलं.

“‘आपली विनंती मिळाली. ती निर्णयासाठी संबंधित व्यक्तीकडे पाठवली आहे.’ बघ, कशी फटाफट उत्तरं येतात आता.”

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मास्तरीणबाईंचा फोन वाजला. त्यांनी ब्रश खाली ठेवला, हात पुसले, मेल उघडला आणि सावकाश, शेवटपर्यंत वाचला. मग त्यांनी फोन पालथा घातला आणि ब्रश उचलला.

“काय ठरवलंस?” मास्तरांनी विचारलं.

“आत्ता उजेड चांगला आहे,” बाई म्हणाल्या. “संध्याकाळी बघते.”